मैदानावर हजर

माणसाला टोपणनाव चिकटतं ते बहुतेक नाकावरून, पोटावरून, नाहीतर चालण्यावरून. बस डेपोच्या टायर विभागातल्या फिटरला चिकटलं ते तक्त्यातल्या एका रकान्यावरून. गोलफरक. घातलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा केले की उरतो तो. डेपोचे साहेबसुद्धा त्याला याच नावाने हाक मारायचे आणि तो ओ द्यायचा. न देऊन सांगतो कोणाला?

चोवीस वर्षं तो डेपोच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर, त्यातली अकरा वर्षं कप्तान. शहराच्या लीगमध्ये दोन गट. वरच्या गटाचे सामने मोठ्या मैदानावर. तिथे बसायला पायऱ्या, कपडे बदलायला खोली, आंघोळीला गरम पाणी. खालच्या गटाचे सामने कालव्याकाठच्या पटांगणावर, आणि कपडे बदलायचे ते उभ्या गाडीच्या आडोशाला. दर हंगामाला खालच्या गटातले पहिले दोन संघ वर जातात. डेपोचा संघ चोवीस वर्षांत एकदाही गेला नव्हता, आणि का गेला नव्हता ते ऐकाल तर हसावं की रडावं कळणार नाही. एका वर्षी गुण सारखे झाले, पण गोलफरकात एका गोलाने मागे पडले. तिथून हे नाव. पुढे एकदा गुणही सारखे, गोलफरकही सारखा. मग बघायचं कोणी जास्त गोल घातले, तर त्यात मागे. आणि एका वर्षी तर कहरच झाला. सगळंच सारखं निघालं, तेव्हा पिवळी कार्डं मोजली, आणि डेपोचं एक कार्ड जास्त भरलं. ते कार्ड याचंच. वेळ काढतोय म्हणून रेफरीने दाखवलेलं. हा बिचारा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता.

नोकरीतही तेच. त्याच्याच बरोबर, त्याच दिवशी, त्याच दारातून आत आलेला दुसरा फिटर हेडफिटर झाला, कारण ज्येष्ठतेच्या यादीत तारीख सारखी पडली की जन्मतारीख बघतात आणि तो नऊ दिवसांनी मोठा. नऊ दिवस! बायको म्हणायची, माझ्या आईने तुम्हाला हो म्हणताना दुसरं स्थळ बघितलं नव्हतं म्हणून बरं, नाहीतर तिथेही तुम्ही दुसरे आला असता. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. बोलणंही तसंच, घासून पुसून.

आता वयाची त्रेचाळीस झाली होती. उजवा गुडघा टायरच्या ओझ्याने आणि उड्या मारून मारून पार कामातून गेलेला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, एक हंगाम खेळा, फार तर दोन. म्हणजे वरच्या गटात एकदा उभं राहायचं तर आता किंवा कधीच नाही. दुसरं काही त्याला आयुष्याकडून हवं होतं असं नाही. मोठ्या मैदानाच्या गोलात एकदा उभं राहायचं, एवढंच. हे तो कोणाला बोलून दाखवत नसे, पण मोठ्या मैदानावरून गाडी गेली की त्याची मान वळायची.

त्या वर्षी संघ खरंच चांगला जमला होता. आणि त्याच वर्षी शिडी गेला.

शिडी म्हणजे रंगाऱ्यांच्या संघाचा गोलकीपर. घरांना रंग द्यायचं काम करणारी ही माणसं. त्यांचा संघ कायम तळाच्या आसपास, पण गोलकीपर असा की छताला हात टेकवेल. म्हणून शिडी. गोलफरकची आणि त्याची दोस्ती अठरा वर्षांची, आणि ती सगळी मध्यांतरातली. मध्यांतराला गोलकीपर बाजू बदलतात, तेव्हा मैदानाच्या मधोमध दोघं एकमेकांना ओलांडायचे आणि शिडी विचारायचा, "किती जेवलास?" म्हणजे किती गोल खाल्लेस. यावर गोलफरकने काहीतरी खवचट बोलायचं आणि दोघांनी आपापल्या गोलाकडे हसत जायचं. अठरा वर्षांत ना एकमेकांच्या घरी जेवण, ना फोन. पण डेपोत एखादा टायर बसवताना मध्येच त्याला शिडीचं काहीतरी आठवायचं आणि तो एकटाच हसायचा.

गुरुवारी एका शाळेचा जिना रंगवताना शिडी खाली बसला तो उठलाच नाही. बहीण लांबून यायची होती म्हणून अंत्ययात्रा रविवारी दुपारी चारला ठरली. रविवारी दुपारी चारलाच डेपोचा सामना होता, आणि तोही नेमका रंगाऱ्यांशी.

गोलफरकने लीगच्या सचिवांना फोन लावला. सचिवांचं औषधाचं दुकान. चिठ्ठीवर लिहिलंय तेच देणार, एक गोळी इकडे नाही की तिकडे नाही, असा माणूस. गोलफरक म्हणाला, सामना पुढे ढकला. सचिव म्हणाले, समोरचा संघ तयार असेल तर ढकलता येतो, पण तसा कागद लागतो. हा म्हणाला, मी तयार आहे, कागद नंतर देतो. बरं म्हणाले. रेफरीला जाऊ नका म्हणून त्यांनीच कळवलं. डेपोची पोरं कुरकुरली. तळाचा संघ, त्यातून गोलकीपर नाही, आयते तीन गुण आणि वर चारपाच गोल. त्याने सगळ्यांना गप्प केलं. रविवारी अकराच्या अकरा जण निळ्या जर्सीत शिडीच्या दारात उभे होते, आणि गोलफरकने पुढच्या बाजूने खांदा दिला. तो कागद मात्र राहिला तो राहिलाच. त्याने दिला नाही, सचिवांनी मागितला नाही. कोणाला वाटलं होतं त्याचं काही काम पडेल म्हणून?

पुढे पाण्याची मोठी लाइन टाकायला पटांगण खणलं. आठ दिवसांचं काम म्हणता म्हणता मैदानाच्या मधोमध माणूसभर खोल चर पडला आणि हंगाम आहे तिथे थांबला. सगळ्या संघांचे चौदा सामने झालेले, फक्त डेपोचे आणि रंगाऱ्यांचे तेरा. मग लीगने निकष काढला. एकूण गुण बघायचे नाहीत, दर सामन्याला किती गुण पडले ते बघायचं.

पहिला नंबर कोणाचा यात वाद नव्हता. दुसऱ्यासाठी दोघं होते. पोस्टाच्या संघाचे चौदा सामन्यांत अठ्ठावीस गुण, म्हणजे सामन्याला दोन. डेपोचे तेरा सामन्यांत सव्वीस, म्हणजे सामन्याला दोन. बरोब्बर दोन, पुढे शून्य शून्य. मग नेहमीचं पुढचं पान उघडलं. पोस्टाचा गोलफरक पंधरा, डेपोचा चौदा.

सभेत कोणीतरी फिसकन हसलं. त्याचा काय दोष? नावच तसं पडलेलं. पण गोलफरक चोवीस वर्षांत पहिल्यांदा सभेत उभा राहिला. तो म्हणाला, साहेब, सामने कमीजास्त झाले म्हणून तुम्ही गुण भागलेत. मग गोल का भागत नाही? पोस्टाने पंधरा जमवले ते चौदा सामन्यांत. आम्ही चौदा जमवले ते तेरात. भागून बघा, आम्ही पुढे आहोत. सचिवांनी खरंच भागून बघितलं. आकडेमोडीत ते कधी खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "तुमचं गणित बरोबर आहे. पण ठरावात गुणांची सरासरी लिहिलीय. गोलांची लिहिलेली नाही." आणि पेनाचं टोपण लावलं. तक्ता पुढच्या शनिवारी कायम व्हायचा होता.

सांगा आता, याला काय म्हणायचं? चोर नाही, लबाड नाही, कोणी पैसे खाल्लेले नाहीत. एक ओळ लिहायची राहून गेली, बस्स. आणि त्या ओळीच्या फटीतून एका माणसाची चोवीस वर्षं खाली पडली. तो घरी आला, जेवला नाही.  बायकोला तोंडावरून कळायचं.

बुधवारी शिडीचा धाकटा भाऊ डेपोत आला. रंगाऱ्यांचा कप्तान आता तोच. नखांत रंग, हातात लीगचा छापील फॉर्म. संघ सामन्याला आला नाही तर भरायचा तो. तो म्हणाला, "दादा, आम्ही त्या रविवारी आलो नाही असं मी लिहून देतो. तुम्हाला सामना मिळेल, तीन गुण मिळतील. तुम्ही आमच्यासाठी थांबलात, एवढं तरी आम्हाला करू द्या."

गोलफरक म्हणाला, गैरहजर संघाचे तीन गुण कापतात, तुम्ही सगळ्यात खाली जाल, आणि शेवटचा संघ लीगमधून बाहेर. भाऊ म्हणाला, आमच्याकडे गोलात उभं राहायला माणूस नाही. निम्मे म्हणतात पुढच्या वर्षी नको. जो संघच उरणार नाही त्याचे गुण राहिले काय नि गेले काय. आणि त्याने टायरवर कागद ठेवून सही केली. खाली दुसरी जागा होती, हजर संघाच्या कप्तानासाठी. तिथे छापलेलं होतं: आमचा संघ ठरल्या वेळी मैदानावर हजर होता व त्याने पंधरा मिनिटे वाट पाहिली.

तो कागद त्याने दोन दिवस डब्याच्या पिशवीत बाळगला. शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पसरला आणि बायकोला दाखवला. तिने हात पुसून वाचला.

"अहो, पण तुम्ही तर तिथे होतात," ती म्हणाली.

तो म्हणाला, हक्काचंच आहे ते. भागून बघितलं तर आपणच पुढे आहोत, सचिव स्वतः म्हणाले. चोरी थोडीच करतोय? तिने कागदाची घडी होती तशी घातली. खरं सांगायचं तर त्याचंही चूक नव्हतं. हक्काचंच होतं. सरळ दाराने मिळत नव्हतं म्हणून तो मागच्या दाराला गेला, आणि मागचं दार कोणाच्या घरात उघडतं हे त्याने बघितलं नाही. रंगाऱ्यांच्या कप्तानानेही बघितलं नाही. दोघांनाही वाटलं, आपण एकमेकांचं भलं करतोय. गोलफरकने सही केली.

शनिवारी सचिवांनी फॉर्म दोनदा वाचला. सामन्याला रेफरी नसेल तर दोन्ही कप्तानांच्या सह्या पुरतात, असा नियम. पोस्टाचा कप्तान ताडकन उठला. म्हणाला, हे खोटं आहे, गल्लीतल्या पोराटोरांना माहीत आहे त्या दिवशी हे सगळे कुठे होते. सामना पुढे ढकलला होता. सचिव म्हणाले, ढकलल्याचा कागद माझ्याकडे नाही. मग चष्मा काढून त्यांनी गोलफरककडे बघितलं. फोन त्यांनीच घेतला होता, रेफरीला त्यांनीच थांबवलं होतं. सगळं त्यांना माहीत होतं. पण त्या दिवशी फॉर्म बरोबर होता, आणि कदाचित त्यांच्याही मनाला ते न भागलेले गोल लागले असतील.

"तुम्ही मैदानावर होतात?"

शिडीचा भाऊ शेजारीच बसला होता. खाली बघत होता.

"होतो," गोलफरक म्हणाला.

डेपो दुसरा आला. चोवीस वर्षांनी वर गेला. डेपोत पोरांनी त्याला टायरच्या ढिगावर बसवून फिरवलं, साहेबांनी हात मिळवला, आणि खोटं कशाला बोला, त्याला आनंद झाला. घरी येऊन तो हातमोजे साबणाने धुऊन दोरीवर टाकत होता तेव्हा बायकोला शीळ ऐकू आली. लग्नानंतर तिने ती दुसऱ्यांदा ऐकली होती. हंगाम संपल्यावर दोन महिने सुट्टीचे, आणि ते दोन महिने तो पोरासारखा वावरला. गुडघ्याला तेल लावायचा, पहाटे उठून पळायचा, सुट्टीच्या दिवशी मोठ्या मैदानाच्या जाळीला नाक लावून गोल बघून यायचा.

नवीन हंगामाच्या आधी लीगची पुस्तिका छापून आली. दर वर्षी येते. मागच्या वर्षीचे सगळे निकाल, तक्ते, फोटो. यंदा पहिल्या पानावर शिडीचा फोटो होता, गोलाच्या आडव्या दांड्याला एका हाताने धरून उभा. त्याची एक प्रत त्याच्या आईला द्यायची ठरलं. भाऊ कामासाठी परगावी गेला होता. सचिव म्हणाले, तुम्हाला घर माहीत आहे, तुम्हीच द्या. गोलफरकला त्यात काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, मावशींना एकदा भेटून येऊ. त्याने पुस्तिका उघडून फोटो बघितला आणि मिटली.

शिडीची आई कपड्यांच्या दुकानासाठी शर्टांना बटणं लावायची. खिडकीशी बसलेली, मांडीवर शर्टांचा गठ्ठा, वाटीत बटणं. तिने त्याला ओळखलं, बस म्हणाली, चहा ठेवला. पुस्तिका हातात घेतली आणि फोटोवरून अंगठा फिरवला, जरा धूळ असल्यासारखा. रडली नाही. म्हणाली, हा फोटो चांगला आलाय, एरवी तो डोळे मिटायचा. मग ती पानं उलटू लागली. तिला वाटलं असणार, आत आणखी एखादा फोटो असेल. बाईला वाचायला येत होतं, आणि एक तारीख तर तिला आंधळेपणीही सापडली असती. तिचं बोट एका ओळीवर थांबलं. वर धरून, खिडकीच्या उजेडात, तिने मोठ्याने वाचलं:

"रविवार, दुपारी चार. रंगारी संघ गैरहजर. डेपो संघ कप्तानासह मैदानावर हजर. रंगारी संघास तीन गुण दंड."

 गोलफरकच्या हातात चहाचा कप तसाच राहिला.

"दंड कसला रे?" ती म्हणाली. "माझीच तर सगळी माणसं होती ती. त्याला न्यायला आली होती."

तो म्हणाला, ते लीगचं काहीतरी असतं मावशी, हिशेबापुरतं. तिने मान डोलावली. पुन्हा ओळीवर बोट ठेवलं आणि यावेळी हळू, मनातल्या मनात वाचली. मग त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता हो. राग असता तर त्याने पाय धरले असते, सुटला असता.

"म्हणजे तू सामन्याला होतास," ती म्हणाली. "बघ कशी मी. इतके दिवस मला वाटतंय, तू पुढे होतास. उंचीला कमी म्हणून खांद्यावर टॉवेलची घडी ठेवलेली. मी सगळ्यांना सांगते, त्याच्यासमोर खेळणारासुद्धा आला होता म्हणून. दुसरा कोणीतरी असेल. त्या दिवशी मला काही सुधरत नव्हतं."

"मावशी, मीच होतो," तो म्हणाला. "टॉवेलवाला मीच. मी आलो होतो. हे खोटं छापलंय. मी... मीच लिहून दिलंय ते."

 ती उठली, त्याच्या हातातला गार झालेला कप काढून घेतला आणि दुसऱ्या हाताने त्याच्या खांद्यावर थोपटलं, लहान मुलाची समजूत काढतात तसं.

"राहू दे रे," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून कशाला असं बोलतोस? तुझा सामना होता. नाही जमलं यायला. होतं असं." आणि पुस्तिका मिटून तिने बटणांच्या वाटीशेजारी ठेवली.

त्याने पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. त्या दिवशी तिने कोणत्या रंगाचं पातळ नेसलं होतं ते सांगितलं, दारात कोण कोण उभं होतं ते सांगितलं. ती ऐकत होती, हो हो म्हणत होती, आणि सुईत दोरा ओवत होती. शेवटी त्यालाच कळलं की आता आणखी बोललं तर आपण तिला फक्त त्रास देतोय. तो उठला. तिने दारापर्यंत येऊन सांगितलं, नीट खेळ, पडूबिडू नकोस.

पुढच्या रविवारी डेपोचा मोठ्या मैदानावर पहिला सामना होता. कपडे बदलायला खोली होती, पायऱ्यांवर माणसं होती, बायको होती. तो गोलात जाऊन उभा राहिला. मध्यांतरापर्यंत त्याने चार गोल खाल्ले. शिट्टी झाली आणि बाजू बदलायला तो मधोमध आला तेव्हा समोरून दुसऱ्या संघाचा गोलकीपर येत होता, कोणी एक तरुण मुलगा. त्याने याच्याकडे बघितलंही नाही. गोलफरक थांबला. मैदानाच्या मध्यावर, सगळ्यांच्या देखत, त्याने हातमोजे काढले आणि तोंड झाकून रडायला लागला. पोरांना वाटलं, गुडघा गेला. त्यांनी त्याला धरून बाहेर नेलं आणि राखीव गोलकीपरला आत पाठवलं.

तो परत खेळला नाही. बायकोने लोकांना गुडघ्याचंच सांगितलं.